तवंग दिसेनासा झाला, तेल कुठं गेलं?

मी वडूजचा. आमचं पाण्याशी नातं येरळेपुरतं, आणि तीही वर्षातले बरेच महिने कोरडी. तिचं पाणी कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडं जातं. तेव्हा अरबी समुद्राबद्दल मी बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. त्याला कारण माझ्या तळपायाला चिकटलेला एक काळा डाग.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मुरुडला भाचीकडं गेलो होतो. असरची नमाज आटोपून, ऊन उतरल्यावर वाळूत अनवाणी फिरलो. घरी आलो तर दोन्ही तळवे काळे. साबण लावला, दगडानं घासलं, निघेना. भाची हसली. म्हणाली, "मामू, साबणानं नाही जायचं ते. खोबरेल लावा. पावसाच्या तोंडाला दर्या दर वर्षी हे डांबर टाकतो."

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. रसायनशास्त्राशी संबंध नाही. पण दर्या डांबर आणतो कुठून, हा प्रश्न डोक्यातून जाईना. मग जाणकारांना विचारलं, थोडं वाचलं.

१९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजावरून खोदताना मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली तेल सापडलं. तेच मुंबई हाय. १७ मे १९९३ रोजी तिथून उरणकडं येणारी नळवाहिनी फुटली. हजारो टन तेल समुद्रात गेलं, त्यातलं काही मुरुडच्या किनाऱ्याला लागलं. पुढं ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं एकमेकांवर आदळली. त्या वेळी सुमारे ८०० टन तेल सांडलं. ते जहाजाच्या इंजिनाचं जाड इंधन होतं. दोन्ही वेळा काही दिवसांनी तवंग दिसेनासा झाला आणि बातमीही दिसेनाशी झाली. तेल मात्र इतक्या लवकर संपत नाही. ते रूप बदलतं.

खनिज तेल म्हणजे एक पदार्थ नव्हे, हजारो पदार्थांची खिचडी. त्यातले हलके पदार्थ पहिल्या एक-दोन दिवसांतच हवेत उडतात. आमच्या अम्मीच्या ट्रंकेत डांबरगोळ्या असत. ईदला ट्रंक उघडावी तर गोळी हरभऱ्याएवढी झालेली, वास मात्र सगळ्या कपड्यांना. ते नॅप्थलीन खनिज तेलातही असतं. मुंबई हायचं तेल हलकं, त्यातला मोठा भाग असा उडून जातो. जहाजाचं जाड इंधन फारसं उडत नाही, ते चिकटूनच राहतं. तेलातला थोडा अंश पाण्यात विरघळतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांच्या अंड्यांना आणि पिलांना तोच जास्त बाधतो.

उरलेल्या तेलाला लाटा घुसळतात. ताक घुसळलं की लोणी वेगळं होतं, इथं उलट घडतं. पाण्याचे बारीक थेंब तेलात शिरून बसतात आणि तपकिरी, दाट लगदा तयार होतो. त्याचा पसारा मूळ तेलाच्या तिप्पट-चौपट होतो. त्यामुळं सांडलं त्याहून उपसायचं जास्त, अशी गत होते. १९६७ साली इंग्लंडजवळ 'टॉरी कॅनियन' हे जहाज फुटलं, तेव्हा तेल फोडायला साबणासारखी रसायनं ओतली. किनाऱ्यावरच्या जिवांना तेलापेक्षा त्या रसायनांनीच अधिक मारलं.

मग ऊन. उन्हात तेलाच्या कणांना प्राणवायू चिकटतो. काही कण पाण्यात मिसळण्याजोगे होतात, बाकीचं तेल घट्ट होत जातं. हे काम फार हळू चालतं असा समज होता. २०१० साली अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटली. त्यानंतरच्या अभ्यासांत दिसलं, की ऊन काही दिवसांतच तेलाचं रूप पालटतं, आणि अशा तेलावर ती फोडणारी रसायनंही नीट चालत नाहीत.

शेवटी येतात जिवाणू. समुद्रातले काही जिवाणू तेल खाऊन जगतात. पण त्यांचीही आवडनिवड असते. सरळ साखळीचे कण ते आधी खातात, कड्यांसारखे कण मागं ठेवतात आणि डांबराचा अंश जवळजवळ तसाच टाकतात. त्यांना प्राणवायू लागतो. खारफुटीच्या चिखलात तो नसतो, म्हणून तिथं मुरलेलं तेल वर्षानुवर्षं राहतं. अलास्कात १९८९ साली सांडलेलं तेल पंचवीस वर्षांनंतरही किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांखाली सापडलं.

एवढं होऊन जे उरतं ते गोळा होतं. वरून कडक, आतून मऊ. नैर्ऋत्येचा वारा सुटला की ते किनाऱ्याला लागतं. माझ्या पायाखाली आला तो हाच गोळा.

आमच्या खटाव-खानापूर भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. आगीत हीण जळतं, सोनं उरतं, हे इथं पोरालाही ठाऊक असतं. या गोळ्यातही वारा, ऊन, जिवाणू यांना पुरून उरणारे काही पदार्थ असतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंच्या शरीरातून आलेले हे होपेन. प्रत्येक साठ्याच्या तेलात त्यांचं प्रमाण निराळं, म्हणून ते बोटाच्या ठशासारखे कामी येतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावरचे गोळे असेच तपासले. काहींचे ठसे मुंबई हायच्या तेलाशी जुळले, तर काहींचे टँकरच्या टाक्या धुऊन सोडलेल्या तेलाशी. म्हणजे गोळा कुणाचा, हे सांगता येतं. विचारणारा हवा.

२०१० साली मासळी खाऊ नका असं सांगितलं गेलं, आणि कोळणीच्या टोपलीतली चांगली मासळीही कुणी घेईना. तेल सांडलं जहाजांनी, दिवस बुडाले तिचे. तवंग गेला म्हणून तिचा हिशेब मिटत नाही.

मुरुडहून निघताना भाचीला विचारलं, याची तक्रार कुणी करतं का? ती म्हणाली, "कुणाकडं करायची, मामू?" तिच्या दाराशी पायरीवर खोबरेलाची बाटली होती. मे महिन्यात ती तिथंच असते.