स्पिन-लहरी धातूत टिकत नाहीत?

चुंबकीय पदार्थात एका अणूचा स्पिन, म्हणजे त्याचे सूक्ष्म चुंबकत्व, डळमळला की शेजारचाही डळमळतो आणि ती हालचाल पुढे सरकत जाते. फेलिक्स ब्लॉख यांनी 1930 मध्ये मांडलेली हीच स्पिन-लहर. विद्युतभार जागचा न हलवता ती माहिती वाहून नेते, म्हणून स्पिनवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये, म्हणजे स्पिनट्रॉनिक्समध्ये, तिला मोल. पण तिच्याबाबत एक मत पक्के रुजले आहे: धातू यासाठी कुचकामी; खरा पदार्थ एकच, यट्रियम आयर्न गार्नेट, म्हणजे ‘यिग’.

हा पूर्वपक्ष निराधार नाही. यिग विद्युतरोधक आहे. लहरीची ऊर्जा गिळायला त्यात मुक्त इलेक्ट्रॉनच नाहीत. त्याच्या उत्तम स्फटिकात अवमंदनाचा, म्हणजे लहर विरण्याचा, गुणांक 0.0001 च्याही खाली उतरतो. पर्मलॉय या निकेल-लोह संमिश्रात तो 0.007 च्या आसपास असतो.

मात्र पर्मलॉयचा दोष सगळ्या धातूंच्या माथी मारणे चूक आहे. फर्मी पातळीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जेच्या वरच्या काठावर, इलेक्ट्रॉनांना किती अवस्था मोकळ्या आहेत, यावर अवमंदन मोठ्या प्रमाणात ठरते. लोहात सुमारे 25 टक्के कोबाल्ट मिसळले की त्या अवस्था किमान होतात. 2016 मध्ये याच संमिश्राचे अंगभूत अवमंदन 0.0005 इतके कमी भरले. शिवाय लहरीचा पल्ला तिच्या आयुष्याइतकाच तिच्या वेगावरही अवलंबून असतो. या संमिश्राचे चुंबकन यिगच्या दहापटीहून अधिक, म्हणून लहरही वेगवान. त्याच्या पातळ थरात ती 20 मायक्रोमीटरपर्यंत पोहोचली आहे. चिपवरच्या मंडलाला एवढे अंतर पुष्कळ झाले.

आणि ज्या मुक्त इलेक्ट्रॉनांना व्यंग म्हटले जाते, तेच धातूचे बळ आहे. स्ट्रासबर्गमध्ये व्लामिंक आणि बायेल यांनी पर्मलॉयच्या अरुंद पट्टीतून विद्युतप्रवाह सोडला आणि त्याच पट्टीतून स्पिन-लहर धाडली. लहरीची वारंवारता सरकली. प्रवाहाची दिशा उलटवताच ती उलट्या बाजूला सरकली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला हा डॉप्लर परिणाम यिगमध्ये दिसणे शक्य नाही, कारण तिथे वाहायला इलेक्ट्रॉनच नाहीत. लहरीला थेट विद्युतप्रवाहाने हाताळण्याची ही सोय धातूच देतो.

निर्मितीचा मुद्दाही धातूच्याच बाजूने आहे. उत्तम यिगला गॅडोलिनियम गॅलियम गार्नेटचा स्फटिक आणि मोठे तापमान लागते. धातूचा थर सिलिकॉनवर सामान्य तापमानालाही बसतो. एमरॅम ही चुंबकीय स्मृती बनवणारे कारखाने असे थर आजही घालतात.

दूर पल्ल्यासाठी आणि सूक्ष्मतरंगांच्या गाळण्यांसाठी यिगचे श्रेष्ठत्व मान्य करायलाच हवे. पण एकट्या अवमंदनाच्या आकड्यावर धातूंना बाद ठरवणारा निकाल मात्र फिरवला पाहिजे. पल्ला, वेग, हाताळणी आणि निर्मिती हे चारही निकष लावले, तर चिपवरच्या स्पिन-लहरींसाठी पहिला विचार धातूंचाच व्हायला हवा.