परदेशातल्या ग्राहकांना जाहिरातीचा ई-मेल पाठवताय? आधी परवानगीचे नियम वाचा

बेदाणा, हळद, गूळ परदेशात विकणारा शेतकरी गट असो की परदेशी पाहुण्यांचं होमस्टे. ऑफरचा मेल आपल्या गावातून गेला तरी तो ज्याला मिळतो, त्याच्या देशाचा कायदा लागू होऊ शकतो.

अमेरिका : २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार आधी परवानगी लागत नाही. पण मेलमध्ये टपालाचा खरा पत्ता आणि मेल बंद करायची सोय हवीच. ग्राहक नको म्हणाला की कामकाजाच्या १० दिवसांत मेल थांबवायचे.

युरोपीय संघ : ग्राहकाची संमती आधी घ्यावी लागते. आधीच टिक करून ठेवलेली चौकट संमती धरत नाहीत. जुन्या ग्राहकाला तशाच मालाचा मेल चालतो, मात्र नकार द्यायची सोय ठेवून.

कॅनडा : २०१४ पासून नियम कडक. खरेदीनंतर २ वर्षं, नुसत्या चौकशीनंतर ६ महिने संमती गृहीत धरतात. नियम मोडणाऱ्या कंपनीला दंड १ कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत.

ऑस्ट्रेलिया : संमती हवी. नकार आल्यावर कामकाजाच्या ५ दिवसांत मेल बंद.

भारत : जाहिरातीच्या मेलसाठी वेगळा कायदा नाही. १९०९ वरची डीएनडी नोंद फक्त कॉल आणि एसएमएससाठी आहे.

काय कराल? मेल आयडींच्या याद्या विकत घेऊ नका. कोणी, कधी, कशी संमती दिली ते वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहून ठेवा. तक्रार झाली तर तोच पुरावा कामी येतो.