डिझेल गाडीची उष्णता : एका दोषनिदानाचा इतिहास

डिझेल इंजिन तापण्याचा प्रश्न त्या इंजिनाइतकाच जुना आहे. मात्र इंजिनाच्या जनकाला आरंभी तो प्रश्न उद्भवेल असे वाटलेच नव्हते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९३ मध्ये आपला सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला तेव्हा ज्वलन इतके नियंत्रित राहील की सिलिंडर पाण्याने थंड ठेवावा लागणार नाही, अशी त्यांची धारणा होती, आणि त्याच वर्षी जर्मनीतील आउग्सबर्ग येथे उभारलेल्या पहिल्या प्रायोगिक यंत्रात पाण्याची सोय ठेवलेली नव्हती. प्रयोगांनी ही धारणा टिकू दिली नाही. पुढच्या यंत्रात सिलिंडरभोवती पाणी खेळते ठेवणारी पोकळी, म्हणजे ज्याला आज वॉटर जॅकेट म्हणतात ते आवरण, द्यावे लागले. आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी घेतलेल्या चाचणीत ज्या यंत्राने इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर करून दाखवले, ते पाण्याने थंड होणारे यंत्र होते.

मोटारीच्या इंजिनात इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एकतृतीयांश चाकांपर्यंत जाणाऱ्या कामी येते, एकतृतीयांश धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेली बहुतांश उष्णता पाण्यामार्फत हवेत सोडून द्यावी लागते. या शेवटच्या हिश्शाचा प्रवास तीन टप्प्यांचा असतो : ज्वलनकक्षाच्या भिंतीतून पाण्यात, पाण्याबरोबर रेडिएटरपर्यंत आणि रेडिएटरच्या पत्र्यांतून वाऱ्यात. वारंवार तापणाऱ्या जुन्या डिझेल गाडीचा दोष शोधणे म्हणजे या तीनपैकी कोणत्या टप्प्यावर उष्णता अडते, किंवा मुळात ती प्रमाणाबाहेर निर्माण होते काय, हे ठरवणे होय. हे शास्त्र एका दिवसात घडले नाही. शीतनव्यवस्थेत जसजसा एकेक भाग दाखल झाला तसतसा त्याच्याबरोबर त्याचा स्वतंत्र दोषही आला, आणि त्या दोषाची स्वतंत्र परीक्षा कारागिरांना तयार करावी लागली.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जात असे आणि ते वरचेवर भरावे लागे. विल्हेल्म मायबाख यांनी रचलेल्या आणि १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत बसवलेल्या रेडिएटरने हे चित्र पालटले. त्यात ८,०७० लहान चौकोनी नळ्या एकत्र डाखलेल्या होत्या, आणि वाऱ्याला मिळणारे पृष्ठफळ इतके वाढले होते की पाण्याची आवश्यकता सुमारे निम्म्यावर, म्हणजे नऊ लिटरांवर आली. पुढील काही दशके अनेक गाड्यांत गरम पाणी वर जाते आणि थंड पाणी खाली येते या निसर्गनियमावरच अभिसरण सोपवले जाई; नंतर पट्ट्याने फिरणारा वॉटर पंप सार्वत्रिक झाला, इंजिन गरम होईपर्यंत पाण्याची रेडिएटरकडील वाट बंद ठेवणारी थर्मोस्टॅट ही झडप आली, आणि पाण्यावर दाब राखणारे रेडिएटरचे झाकण आले. या झाकणाचे महत्त्व डोंगराळ प्रदेशात विशेष आहे. समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सियसला उकळणारे पाणी महाबळेश्वरच्या उंचीवर सुमारे ९५ ते ९६ अंशांनाच उकळते. याउलट वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली ते सुमारे १२० अंशांपर्यंत द्रवरूप राहते. झाकणाची रबरी बैठक किंवा स्प्रिंग निकामी झाली तर हा सारा लाभ नाहीसा होतो, आणि इंजिन निर्दोष असूनही पाणी उकळून बाहेर पडते.

लहान मोटारीत डिझेल इंजिन आणण्यासाठी जो तोडगा निघाला, त्याने उष्णतेचा पहिला टप्पा अधिक कठीण केला. इंधन थेट सिलिंडरात न फवारता सिलिंडरांवरील धातूच्या झाकणातील, म्हणजे हेडमधील, एका छोट्या उपकक्षात फवारायचे आणि पेटलेला वायू अरुंद वाटेने सिलिंडरात सोडायचा, अशी ही अप्रत्यक्ष अंतःक्षेपणाची पद्धत होती. हॅरी रिकार्डो यांचा १९३१ मधील कॉमेट कक्ष आणि १९३६ मध्ये विक्रीस आलेल्या मर्सिडीज-बेंझ २६० डी या मोटारीतील पूर्वज्वलनकक्ष ही तिची प्रसिद्ध रूपे. या पद्धतीमुळे इंजिनाचा खडखडाट कमी झाला आणि ते जलद फिरू लागले. परंतु तप्त वायू ज्या अरुंद वाटेने वेगाने घासून जातो तिच्याभोवतीच्या धातूला, म्हणजे हेडला, अधिक उष्णता झेलावी लागली. झडपांच्या बैठकींमध्ये तडा जाणे, हेड वाकणे आणि हेड व ब्लॉक यांच्यामधील सांधा राखणारे गास्केट जळणे हे जुन्या डिझेल मोटारींचे दोष याच रचनेतून अधिक ठळक झाले.

महाराष्ट्रात या इंजिनांचा प्रसार टप्प्याटप्प्याने झाला. शेतीच्या पाण्यासाठी किर्लोस्करांची डिझेल इंजिने आधीच गावोगावी पोहोचली होती. टाटांनी १९५४ मध्ये डायमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारी बांधण्यास आरंभ केला, त्यामुळे मोठ्या डिझेल इंजिनाशी फिटर मंडळींचा परिचय झाला. प्रवासी गाड्यांच्या बाबतीत निर्णायक ठरला तो महिंद्र कंपनीने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी केलेला परवाना-करार. त्यातून चार सिलिंडरांचे, ९० मिलिमीटर व्यासाचे आणि २,११२ घनसेंटिमीटर क्षमतेचे एक्सडीपी इंजिन जीपमध्ये आले. त्याचे हेड ॲल्युमिनियमचे आणि ज्वलन उपकक्षातील होते. महिंद्र कंपनीचा इंजिनांचा कारखाना थळ घाटाच्या माथ्यावर इगतपुरीला आहे. पुढे अँबॅसडरची डिझेल आवृत्ती, पुण्याजवळ घडलेल्या टाटांच्या सिएरा, १९९४ ची सुमो आणि १९९८ ची इंडिका यांनी डिझेल मोटार मध्यमवर्गाच्या दारात आणली. डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त असल्यामुळे गॅरेजमध्ये जुन्या पेट्रोल गाड्या उघडून त्यांत डिझेल इंजिन बसवण्याचा व्यवसायही भरभराटीला आला. अशा गाडीत मूळचाच रेडिएटर ठेवला गेला असल्यास तो नव्या इंजिनाला पुरेसा आहे काय, हा प्रश्न निदानात प्रथम विचारावा लागे.

या गाड्यांची खरी परीक्षा सह्याद्रीने घेतली. खंडाळा, कसारा, खंबाटकी, कुंभार्ली, आंबा, आंबोली अशा घाटांत पूर्ण भाराने, खालच्या गिअरमध्ये आणि मंद वेगाने चढणाऱ्या गाडीला एकाच वेळी सर्वाधिक उष्णता आणि सर्वांत कमी वारा मिळतो. प्रवासी वाहणाऱ्या सातारा-कोल्हापूरकडील वडाप जीप आणि विदर्भ-मराठवाड्यातील काळी-पिवळी यांत ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसे बसत, आणि त्यामुळे जो दोष सपाटीवर वर्षभर लपून राहिला असता तो घाटातल्या किंवा उन्हाळ्यातल्या पहिल्याच कठीण फेरीत उघडा पडे. डिझेल इंजिनाचा एक स्वभावधर्म येथे लक्षात घ्यावा लागतो : त्यात हवा अडवली जात नाही, केवळ इंधन कमी-जास्त केले जाते, म्हणून भार नसताना ते पेट्रोल इंजिनाच्या मानाने फारच थंड चालते. अर्धा बुजलेला रेडिएटर असलेली डिझेल गाडी शहरात तापमापकाचा काटा हलू न देता फिरू शकते, आणि तिचा मालक घाटालाच दोष देत राहतो.

म्हणूनच जुन्या पिढीतील जाणत्या मेकॅनिकांचा पहिला प्रश्न गाडी किती तापते हा नसून केव्हा तापते हा असे. उभ्या गाडीत किंवा रहदारीत काटा चढत असेल आणि रस्ता मोकळा मिळताच उतरत असेल, तर वाऱ्याचा पुरवठा, म्हणजे पंखा, त्याचा पट्टा, त्याला चालू करणारा उष्णता-स्विच किंवा पंख्याभोवतीचे आवरण तपासायचे. चढणीवर किंवा वेगात तापत असेल तर पाण्याचे अभिसरण आणि रेडिएटरच्या नळ्या तपासायच्या. आणि थंड इंजिन सुरू करताच काही मिनिटांत पाणी बाहेर फेकले जात असेल तर ज्वलनवायू पाण्यात शिरतो आहे असे धरून हेडकडे वळायचे. त्याआधी काटा खरे सांगतो काय हे पाहणेही आवश्यक असे, कारण तापमापक पाण्यात बुडालेला असेल तरच त्याचे मोजमाप विश्वासार्ह ठरते. पाणी गळून गेले तर काटा चढण्याऐवजी खाली येऊ शकतो, आणि इंजिनाचा नाश होत असताना चालकाला समाधान वाटते.

दुसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे पाण्याच्या अभिसरणाच्या, परीक्षा हाताने होत. रेडिएटरचा वरचा होस, म्हणजे रबरी नळी, कडक गरम आणि खालचा थंड राहिला तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा रेडिएटर बुजला आहे. इंजिन बंद करून रेडिएटरच्या जाळीवर हात फिरवताना मध्येच थंड पट्टा लागला तर तेवढ्या नळ्यांतून पाणी जात नाही. इंजिनाचा वेग वाढवताच खालचा होस आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर पाण्याची वाट तेथेच आवळली जाते. आणि होस, झाकण व पट्टा सारे नीट असूनही प्रवाह मंद असेल तर वॉटर पंपाची पाती गंजून झिजलेली असू शकतात. या परीक्षांना कोणतेही साधन लागत नसे, पण क्रम लागत असे.

रेडिएटर बुजण्याचे कारण महाराष्ट्रात पुष्कळदा भूगर्भातच सापडते. दख्खनच्या काळ्या कातळातून झिरपलेल्या विहिरींच्या आणि बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापताच ते धातूवर कठीण थराच्या रूपाने बसतात, आणि हा थर उष्णता अडवतो. ज्या गाडीत वाटेत मिळेल ते पाणी ओतले जाई तिच्या जॅकेटमध्ये, विशेषतः पंपापासून दूर असलेल्या शेवटच्या सिलिंडरभोवती, गंज आणि क्षार यांचा गाळ साठे. तांबे-पितळेचे रेडिएटर दुरुस्त करणारे कारागीर वरची व खालची टाकी डाख वितळवून वेगळी करीत, प्रत्येक नळीतून पातळ पट्टी फिरवून थर खरवडत, पुन्हा डाख देत आणि मग रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून त्यात हवा भरीत, म्हणजे गळतीची जागा बुडबुड्यांनी दिसे. गोठण रोखणारे, उकळबिंदू वाढवणारे आणि गंज अडवणारे कूलंट उपलब्ध असूनही येथे बर्फ पडत नाही म्हणून ते अनावश्यक मानले गेले. त्यातील गंजरोधक रसायनांची गरज उष्ण प्रदेशातही तितकीच असते, हे ध्यानात न घेतल्याने असंख्य इंजिनांचे आयुष्य घटले.

याच काळात रूढ झालेली थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा या इतिहासातील सर्वांत हानिकारक चूक म्हणावी लागेल. अडकलेली झडप काढताच गाडी थंड चालू लागे, म्हणून हा उपाय गावोगावी पसरला. परंतु झडप नसलेले डिझेल इंजिन उशिरा गरम होते, अधिक धूर करते, अधिक डिझेल पिते आणि सिलिंडरची झीज वाढवते. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटचा दुसरा भाग उपवाट, म्हणजे रेडिएटर टाळून पंपाकडे परतणारी पाण्याची वाट, बंद करतो, तेथे तर झडप काढल्यावर बरेचसे पाणी रेडिएटरमध्ये न जाताच फिरत राहते आणि चढणीवर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. शिवाय खरा दोष झाकला जातो, आणि पुढच्या कारागिराला चुकीची खूण मिळते.

हेड गास्केटचे निदान करताना बोनेट उघडल्यावर पहिल्या काही मिनिटांना महत्त्व असते. थंड इंजिनाचे झाकण काढून ते सुरू केल्यावर पाणी कोमट होण्यापूर्वीच बुडबुड्यांची संतत धार आली, तर ती बहुधा ज्वलनवायूची असते. इंधन फवारणाऱ्या एकेका नोजलकडे जाणारी डिझेलची नळी सैल करून त्या सिलिंडरचे ज्वलन थांबवले आणि बुडबुडे कमी झाले, तर दोषी सिलिंडरही कळतो. कार्बन डायऑक्साइडच्या संपर्काने रंग बदलणारे निळे रसायन हीच गोष्ट अधिक खात्रीने दाखवते. मात्र गास्केट जळणे हे अनेकदा कारण नसून परिणाम असतो. डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून ओढ वाढवलेली असेल, फवाऱ्याची वेळ चुकली असेल किंवा नोजल गळत असेल, तर उष्णताच प्रमाणाबाहेर निर्माण होते. ब्रेक धरून राहिला असेल तर इंजिनावरचा भार अकारण वाढतो. अशा वेळी हेड सपाट करून नवे गास्केट बसवले तरी काही महिन्यांत तोच दोष परत येतो, आणि मालक गास्केटच्या दर्जाला बोल लावतो.

एकविसाव्या शतकात या विद्येचा आधार असलेली गाडीच बदलली. इंधन थेट सिलिंडरात उच्च दाबाने फवारणारी इंजिने आली, रेडिएटर ॲल्युमिनियमचे आणि टाक्या प्लॅस्टिकच्या झाल्या, त्यामुळे ते दुरुस्त करण्याऐवजी बदलले जाऊ लागले; ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि एप्रिल २०२० पासून उत्सर्जनाचे भारत स्टेज ६ हे कठोर निकष लागू झाल्यावर अनेक लहान डिझेल मोटारींचे उत्पादन थांबले. तापमान आता संगणक मोजतो आणि दोषाचा संकेतांक पडद्यावर येतो. पण उष्णता कोठे अडली याचे उत्तर तो संकेतांक देत नाही, ते आजही क्रमाने तपासूनच मिळवावे लागते.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे : तापणाऱ्या जुन्या डिझेल गाडीत भाग बदलण्यापूर्वी उष्णतेचा मार्ग तपासला पाहिजे, आणि जो भाग दोषी असल्याचे परीक्षेने सिद्ध झाले तोच बदलला पाहिजे. ही परीक्षापद्धती महाराष्ट्रात मुख्यतः उस्तादाकडून शिकाऊ मुलाकडे तोंडी आली, आणि जीप व सुमोच्या काळातले ते उस्ताद आता वृद्ध झाले आहेत. घाटरस्त्यांवरील गॅरेजमधून त्यांचे ज्ञान मराठीत नोंदवून घेण्याचे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी, तंत्रनिकेतनांनी आणि यंत्रविद्येच्या अभ्यासकांनी विनाविलंब हाती घ्यावे.