डॉस, डेझमंड
(७ फेब्रुवारी १९१९ – २३ मार्च २००६). शस्त्र हाती न धरता दुसऱ्या महायुद्धात लढाऊ तुकडीसोबत राहिलेला अमेरिकन सैनिक-शुश्रूषक. जन्म व्हर्जिनियातील लिंचबर्ग येथे. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाच्या श्रद्धेनुसार तो हत्या निषिद्ध मानी व शनिवारी शब्बाथ पाळी. जहाजबांधणीतील कामामुळे सैन्यसेवेतून सवलत मिळत असूनही तो १९४२ मध्ये सैन्यात गेला. बंदूक नाकारल्याने सहकाऱ्यांची हेटाळणी त्याने सोसली. ७७व्या पायदळ डिव्हिजनमधून त्याने ग्वाम व लेटे येथे जखमींची सेवा केली.

मे १९४५ मध्ये ओकिनावातील माएदा कड्यावर त्याची तुकडी माघारी वळली. तो मात्र वरच थांबला आणि गोळीबारात एकेका जखमीला दोराने कड्याखाली उतरवत राहिला. पुढे मिळालेल्या पदकाच्या अधिकृत मानपत्रात अशा वाचवलेल्यांचा आकडा ७५ आहे. त्याचा स्वतःचा अंदाज ५० चा होता. पुढे हातबॉम्बने पाय जखमी झाल्यावर त्याने आपले स्ट्रेचर अधिक गंभीर जखमीला दिले. नंतर गोळीने मोडलेल्या हाताला त्याने बंदुकीच्या दस्त्याची खपची बांधली. १२ ऑक्टोबर १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ दिले. युद्धकाळात जडलेल्या क्षयामुळे पुढे त्याचे एक फुप्फुस काढावे लागले.