दिनविशेष : 10 जुलै

1991 : चाकूरचे वकील लोकसभेच्या अध्यक्षपदी

10 जुलै 1991 रोजी नवी दिल्लीत दहाव्या लोकसभेच्या अध्यक्षपदी लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर यांची निवड झाली. 22 मे 1996 पर्यंत त्यांनी हे पद सांभाळले.

त्यांच्या कारकिर्दीतली एक गोष्ट अजून रोजच्या कामात आहे. 8 एप्रिल 1993 पासून संसदेत खातेनिहाय 17 स्थायी समित्या सुरू झाल्या. आज त्या 24 आहेत. मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्या आणि अनेक विधेयके तिथे बारकाईने तपासली जातात. सभागृहात गोंधळ असला तरी समितीच्या खोलीत सर्वपक्षीय खासदार कागद पुढे ठेवून प्रश्न विचारतात. पुरावा मागणे, दोन्ही बाजू ऐकणे ही वकिलाचीच रीत, असे मला मनापासून वाटते.

चाकूरकर विज्ञान शिकले हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात आणि कायदा मुंबईत. तेव्हा मराठवाड्यातल्या मुलांना शिकायला घर सोडावेच लागे. नांदेडला पीपल्स कॉलेज 1950 साली निघाले, लातूरला दयानंद महाविद्यालय 1961 साली. 1994 साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. लातूर जिल्ह्यातली महाविद्यालये त्याच्याच छायेत आहेत. चाकूरच्या मुलीला वकील व्हायला आता मुंबई गाठावी लागत नाही.

12 डिसेंबर 2025 रोजी, वयाच्या 90व्या वर्षी, चाकूरकरांनी लातूरमध्येच अखेरचा श्वास घेतला.