चूल, ओटा आणि पदरचा पैसा

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके. त्यांचा इतिहास सांगताना रेल्वे, बोरघाट आणि माथेरान यांचा उल्लेख अगत्याने होतो. १८५६ साली लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि १८६३ साली बोरघाटातील मार्ग पूर्ण होऊन मुंबई व पुणे ही शहरे जोडली गेली. मात्र येथील घरांच्या आतल्या अंगाचा, म्हणजे स्वयंपाकघराचा, इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हांस बोलावणे येते तेव्हाही पाहुणचार होतो तो ओटीवर किंवा दिवाणखान्यात; स्वयंपाकघर पाहुण्याला शेवटी दिसते, किंवा दिसतच नाही. घरातील डागडुजीचा पैसाही बहुधा याच क्रमाने खर्च होत आला आहे. हा क्रम कसा पडला, हे या लेखात पाहावयाचे आहे.

या भागातील जुने घर कारवीच्या कुडाचे. कुडाला माती व शेणाचा लेप, वर कौले किंवा गवत. मागच्या अंगाला, उजेड कमी असे, तिथे चूल आणि तिला जोडलेला वैल. कोपऱ्यात उतरंड, वर शिंके, भिंतीशी पाटा-वरवंटा, जवळच जाते आणि उखळ. तांदळाची भाकरी थापणारी बाई पाटावर बसली, की फुंकणी, काठवट, मिठाचे मडके सारे तिच्या हाताच्या टप्प्यात असे. जागा लहान होती, पण तिची मांडणी अडाणी नव्हती. धुरालाही तेथे काम होते. चुलीवरच्या माळ्यावर ओली लाकडे वाळत, बियाणे व सुकी मासळी किडीपासून सुरक्षित राही, छपराच्या गवताला वाळवी लागत नसे. चार महिने धो धो पाऊस कोसळणाऱ्या मुलखात ही सोय लहान म्हणता येत नाही. तिची किंमत मात्र स्वयंपाक करणारीचे डोळे आणि छाती यांनी मोजली.

याच काळात या दोन तालुक्यांनी मुंबईच्या सुखसोयींसाठी बरेच काही पुरविले. येथील रानात कातकरी कुटुंबे कोळशाच्या भट्ट्या लावीत, आणि तो कोळसा शहरातील शेगड्यांत जळे. १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र खोपोलीत सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली उतरवून निर्माण केलेली ही वीज प्रथम मुंबईच्या कापडगिरण्यांना गेली. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र उभे राहिले. विजेच्या तारा डोक्यावरून गेल्या, पण त्यांच्या खालच्या स्वयंपाकघरांत पुढे कित्येक वर्षे चिमणीच्या उजेडातच भाकऱ्या भाजल्या गेल्या. तंत्रज्ञान आणि पैसा येथे पोहोचले नव्हते असे नव्हे. ते या घरांसाठी आले नव्हते, इतकेच.

चुलीच्या सुधारणेचा विचार देशात झालाच नाही, असेही नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाच्या कार्यकर्त्यांनी धुराडे असलेली ‘मगन चूल’ घडविली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ च्या सुमारास बिनधुराच्या स्वयंपाकघराविषयी पुस्तिका लिहिली. १९८० च्या दशकात केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ साली संपला. बसविलेल्या चुलींचे आकडे मोठे होते, परंतु त्यांतील पुष्कळ चुली लवकरच मोडल्या किंवा पडून राहिल्या. धुराडे काजळीने तुंबले तर साफ कोणी करावयाचे, चुलीचे तोंड घरातल्या टोपाला बसत नसेल तर काय करावे, आणि धूरच नसेल तर पावसाळ्यात लाकडे कोठे वाळवावीत, हे प्रश्न चूल वापरणारीला आधी विचारलेच गेले नव्हते. पुण्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने कुंभारांना व ग्रामीण कारागिरांना सुधारित चुली बनविण्याचे शिक्षण दिले. दुरुस्ती करणारा हात गावातच असावा, हा त्यामागील विचार आम्हांस मोलाचा वाटतो.

त्यानंतर गॅस आला. मुंबईत तो १९५५ साली बर्मा शेल कंपनीने ‘बर्शेन’ या नावाने आणला. खेड्यापाड्यांत पोहोचायला अनेक दशके गेली. गॅसने केवळ जळण बदलले नाही, स्वयंपाकघराची उंचीच बदलली. शेगडी ही सिलिंडरच्या माथ्यापेक्षा वर असली पाहिजे, असा सुरक्षिततेचा नियम आहे. म्हणून ओटा हवा. बसून रांधणारी बाई उभी राहिली ती या नियमामुळे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून गरीब घरांत स्त्रीच्या नावे गॅसजोडणी आली; परंतु जोडणीबरोबर ओटा येत नाही, की दर वेळच्या सिलिंडरचा पूर्ण पैसाही येत नाही. त्यामुळे पुष्कळ घरांत गॅस चहापुरता आणि पाहुण्यांपुरता राहतो; भात व भाकरी चुलीवरच होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती जळणाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्युमुखी पडली.

लहान जागेत व थोड्या पैशांत चांगले स्वयंपाकघर होऊ शकते, याचे परदेशातील उदाहरण बोलके आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी घरे बांधली गेली. त्यांच्यासाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुरचनाकाराने १९२६ साली अवघ्या साडेसहा चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे सत्तर चौरस फुटांचे स्वयंपाकघर आखले. आगगाडीतील भोजनडब्याची लहानशी मुदपाकखाना-खोली तिच्यापुढे नमुना म्हणून होती. काम करणारीची पावले मोजून तिने प्रत्येक वस्तूची जागा ठरविली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. तेथे संगमरवर नव्हता, विचार होता.

आज कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर शहरवासीयांची शेतघरे उभी आहेत. त्यांतील चकचकीत स्वयंपाकघरांत राबणारी वाडीवरची बाई संध्याकाळी घरी परतून पुन्हा फुंकणी हाती घेते. तिच्या घरात सुधारणेसाठी चार पैसे शिल्लक पडतील तेव्हा ते कशावर घालावेत? वरील इतिहासातून आम्हांस क्रम दिसतो तो असा. पहिला पैसा धूर बाहेर जाण्यावर आणि उजेड आत येण्यावर: एक खिडकी, चुलीच्या वर कौलात झरोका, भिंतीला चुना. दुसरा ओट्यावर: विटांच्या दोन आडभिंती आणि त्यांवर कडाप्पा, जुना मिळाला तरी चालेल. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीने नव्हे, तर उभ्या राहणारीच्या कोपरापासून मोजावी. कोपराच्या खाली चारसहा इंचांवर तो असला की कंबर धरत नाही. तिसरा मोरीवर, पाण्याचा निचरा नीट होईल असा. मग फळ्या व मांडणी. रंगीत फरशी सर्वांत शेवटी. चूल एकदम जाणार नसेल तर तिलाही हवेशीर जागा ठेवावी, कारण न परवडणाऱ्या सिलिंडराच्या भरवशावर मोडलेली चूल पुन्हा मांडली जाते ती बहुधा आणखी अडचणीच्या कोपऱ्यात.

हा खर्च फार नाही. तरी तो मागे राहत आला, कारण ज्या कामाला मजुरी नाही त्या कामाच्या जागेवर पैसा घालावा असे घराला, आणि सरकारलाही, फार काळ वाटले नाही. वाचकांच्या घरी यंदा डागडुजी निघणार असेल, तर मोजपट्टी घेऊन प्रथम स्वयंपाकघरात जावे, आणि ओटा किती उंच हवा हे तेथे रोज उभ्या राहणाऱ्या आईला, पत्नीला किंवा सुनेला विचारावे.