रताळ्याची पाककृती नेमकी कोणाची?

अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग'चे कौटुंबिक जेवण असते. मुख्य मान टर्कीचा. पण तिच्या शेजारी असंख्य घरांत रताळ्याचे एक तोंडीलावणे हटकून मांडले जाते. रताळी उकडून कुस्करायची, त्यांत लोणी आणि साखर कालवायची, वर मार्शमॅलोचा थर द्यायचा आणि तो तांबूस होईपर्यंत भट्टीत भाजायचे. (मार्शमॅलो म्हणजे साखर व जिलेटिन यांची मऊ, फुगीर, पांढरी वडी.) ही कृती कोठून आली असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते: आजीकडून, आणि आजीला तिच्या आईकडून.

या धाग्यात त्या उत्तराचा माग काढू.

मार्शमॅलोचा माग सोपा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ही मिठाई यंत्रावर, स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणावर बनू लागली होती. माल भरपूर, पण गिऱ्हाईक त्याकडे केवळ खाऊ म्हणून पाहणारे. तेव्हा 'एंजेलस' मार्शमॅलो बनवणाऱ्या शिकागोच्या कंपनीने 1917 साली जॅनेट मकेन्झी हिल यांच्याकडून एक पाककृतींची पुस्तिका लिहून घेतली. हिलबाई म्हणजे 'बॉस्टन कुकिंग स्कूल मॅगझिन'च्या संस्थापक; पाकशास्त्रातले वजनदार नाव. मार्शमॅलो हा स्वयंपाकघरातला एक नित्याचा जिन्नस ठरावा, हा पुस्तिकेचा उघड हेतू. कुस्करलेल्या रताळ्यांवर मार्शमॅलोचा थर देण्याची कृती तीत होती. म्हणजे आजीच्या आजीपर्यंत नेला जाणारा हा वारसा एका जाहिरात-पुस्तिकेपाशी येऊन थांबतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे विजयी हसू आणण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. तीन-चार पिढ्यांनी दर वर्षी जो पदार्थ रांधला तो त्या घराचाच झाला. त्याचा उगम छापील आहे एवढ्याने तो परका होत नाही. मात्र दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मार्शमॅलो येण्यापूर्वीही अमेरिकेच्या दक्षिणेत रताळी शिजत होती, भाजली जात होती, पाकात घोळली जात होती. जाहिरात-पुस्तिकेच्या लेखिकेचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्या जुन्या कृती ज्यांच्या हातून आल्या, त्यांची नावे कोठे आहेत?

आधी रताळ्याच्याच नावाकडे पाहू. अमेरिकेत आजही अनेकजण रताळ्याला 'यॅम' म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही चूक आहे. यॅम हा पश्चिम आफ्रिकेतला निराळा कंद, आपल्याकडील कोनफळाच्या कुळातला. त्या शब्दाचे मूळ तिकडच्या भाषांतील 'खाणे' या अर्थाच्या शब्दात सांगितले जाते. गुलाम करून आणलेल्या माणसांना नव्या भूमीत हा कंद सहसा मिळेना. जे मिळाले ते रताळे, आणि जुन्या कंदाचे नाव त्याला चिकटले. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. रताळे मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज काळानंतर आपल्याकडे रुळलेले. पण त्याचे नाव आले संस्कृत 'रक्तालु'वरून, आणि रक्तालु हाही कोनफळाच्याच कुळातला तांबडा कंद. दोन खंडांत, एकमेकांशी संबंध नसताना, एकाच परक्या कंदाला एकाच कुळाचे जुने नाव मिळाले. (आपण तर त्याला थेट उपवासाच्या ताटात बसवले.)

आता छापील पुरावा. मेरी रँडॉल्फ यांचे 'द व्हर्जिनिया हाउसवाइफ' हे पुस्तक 1824 साली निघाले आणि दक्षिणेच्या स्वयंपाकाचा आद्य ग्रंथ मानले गेले. त्यात रताळ्याचे पुडिंग आहे, मंद आचेवर शिजवलेली रताळी आहेत. पुस्तकावर नाव रँडॉल्फबाईंचे. पण व्हर्जिनियातल्या अशा सधन घरांत चुलीपुढे उभ्या राहत त्या बहुतांशी गुलाम स्त्रिया. मालकीणबाई लिहीत, रांधणारी बोले, दाखवी, आणि पानावरून वगळली जाई.

तिने स्वतः का लिहिले नाही? कारण ते तिला करू दिले जात नव्हते. साउथ कॅरोलिनाने 1740 च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणे दंडनीय ठरवले. अलाबामाने 1832 साली तसाच कायदा केला. तेव्हा 'आमच्याकडे पाककृती लिहून ठेवण्याची पद्धत नव्हती, सगळे अंदाजाने' हे वाक्य येथे निराळ्या कानाने ऐकले पाहिजे. मौखिक परंपरा नेहमीच आवडीने निवडलेली नसते.

या पार्श्वभूमीवर ॲबी फिशर यांचे पुस्तक हाती घ्यावे. फिशरबाईंचा जन्म साउथ कॅरोलिनात, गुलामगिरीच्या काळात, 1831 च्या सुमाराचा. पुढे त्या अलाबामातील मोबील शहरी राहिल्या आणि यादवी युद्धानंतर कुटुंबासह सान फ्रान्सिस्कोला गेल्या. तेथे त्यांच्या लोणच्या-मुरंब्यांनी प्रदर्शनांत पदके मिळवली. शहरातल्या प्रतिष्ठित स्त्री-पुरुषांनी पुस्तकाचा आग्रह धरला. अडचण एकच होती, आणि ती त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकली आहे: त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि पतीलाही शिक्षण मिळाले नव्हते. अखेर त्यांनी सांगितले, दुसऱ्यांनी उतरवून घेतले आणि 1881 मध्ये 'विमेन्स को-ऑपरेटिव्ह प्रिंटिंग ऑफिस' या स्त्रियांच्या छापखान्याने ते प्रसिद्ध केले. नाव ठेवले, 'जुन्या दक्षिणी स्वयंपाकाविषयी मिसेस फिशर यांना काय ठाऊक आहे'. मथळ्यात 'ठाऊक आहे' हे क्रियापद येणे लहानसहान गोष्ट नव्हे.

त्यातला रताळ्याचा 'पाय', म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ, पाहण्याजोगा आहे. दोन पौंड रताळ्यांत दोन पाय होतात. रताळी मऊ उकडून, गरम असतानाच चाळणीतून दाबून काढायची आणि लोणी मिसळायचे. पाच अंडी; बलक वेगळा, पांढरे वेगळे फेटायचे. एका संत्र्याचा रस, आणि अर्ध्या सालीचा कीस. पारी फक्त तळाशी. साखर किती? चवीपुरती. येथे आपल्याकडच्या कोणत्याही आजीचा आवाज ऐकू यावा. अंड्यांची संख्या चुकली तर सारण बसत नाही, म्हणून ती नेमकी. गोडी ज्याच्या त्याच्या जिभेवर, म्हणून ती मोकळी. अंदाजालाही त्याचे शास्त्र असते.

पण या पुस्तकातला सर्वांत मोलाचा पुरावा त्याच्या चुकांत आहे. मका आणि शेंगदाण्यांचा (दाणे घेवड्याच्या शेंगेतले, भुईमुगाचे नव्हेत) 'सकोटॅश' हा पदार्थ तेथे 'सर्किट हॅश' म्हणून छापला आहे. 'जंबलाया' हा भाताचा प्रकार 'जम्बरली' झाला आहे. बोलणारीचे उच्चार दक्षिणेचे, उतरवून घेणारा त्यांना सरावलेला नाही. कानावर पडले ते कागदावर गेले. पाठचिकित्सेत अशा चुका दुरुस्त करण्याकडे कल असतो. येथे त्या जशाच्या तशा हव्यात, कारण एका निरक्षर बाईचा आवाज छापील पानावर ऐकू येण्याच्या त्याच जागा आहेत. शेवटी लहान मुलांच्या पेजेची कृती देताना फिशरबाई सांगतात की आपण अकरा मुलांना जन्म दिला आणि ती सारी याच पेजेवर वाढवली. पाककृतीच्या पुस्तकात एवढे आत्मचरित्र पुरेसे आहे.

सामान्य गुलाम कुटुंबाच्या वाट्याला अर्थातच पाय आणि पुडिंगे येत नव्हती. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 'अप फ्रॉम स्लेव्हरी' या 1901 च्या आत्मचरित्रात आपल्या लहानपणच्या झोपडीचे वर्णन केले आहे. मातीच्या जमिनीत मधोमध एक खोल खड्डा, वर फळ्या. हिवाळ्यासाठी रताळी साठवण्याची ती जागा. रताळी ठेवता-काढताना एखाददुसरे छोट्या बुकरच्या हाती लागे आणि ते तो भाजून खाई.

याच वॉशिंग्टन यांनी 1896 मध्ये टस्कीगीच्या संस्थेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना बोलावले. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे हे नाव मराठी घराघरांत आहे, पण आपल्या स्मरणात राहिला तो भुईमूग. कार्व्हर यांनी रताळ्यावरही तितक्याच निष्ठेने काम केले. 1910 मध्ये त्यांनी मेकन परगण्यातील रताळ्याच्या शक्यतांवर स्वतंत्र पत्रिका काढली आणि पुढे 1930 च्या दशकात रताळी टिकवण्याच्या व रांधण्याच्या रीतींवर आणखी एक. या दुसऱ्या पत्रिकेत राखेत रताळी भाजण्याची रीत आहे: वर चार इंच गरम राख, तिच्यावर निखारे, निदान दोन तास मंद भाजणे, मग मऊ ब्रशने राख झटकून लोण्याबरोबर खाणे. झोपडीतल्या चुलीची रीत इंच आणि तास यांच्या मापाने, संशोधन केंद्राच्या शिक्क्यासह छापली गेली. मार्शमॅलोच्या पुस्तिकेला वडी विकायची होती. कार्व्हर यांची पत्रिका गरीब शेतकऱ्याच्या शेतात जे पिकते त्यावर त्याचे घर चालावे म्हणून होती.

बराच काळ कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीचे पहिले पाकपुस्तक म्हणून फिशर यांच्याच ग्रंथाकडे बोट दाखवले जाई. पुढे मिशिगनच्या संग्राहक जॅन लाँगोन यांच्या हाती एक जीर्ण पुस्तिका आली. लेखिका मॅलिंडा रसेल, टेनेसीतली गुलाम नसलेली कृष्णवर्णीय स्त्री; छपाई मिशिगनमधील पॉ पॉ या गावी, 1866. युद्धकाळात लुटारूंनी रसेलबाईंची पुंजी लुटली होती, आणि घरी परतण्यापुरते पैसे उभे करण्यासाठी त्यांनी हे पुस्तक काढले. पद्धत 'व्हर्जिनिया हाउसवाइफ'ची, असे त्या नमूद करतात. म्हणजे रँडॉल्फबाईंच्या नावे गेलेले ज्ञान छापील वाटेने पुन्हा एका कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीकडे आले. पण त्यासोबत त्या आणखी एक गोष्ट सांगतात. हा व्यवसाय आपण शिकलो तो व्हर्जिनियातील फॅनी स्ट्युअर्ड या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीकडून. पुस्तकाची एकच मूळ प्रत ज्ञात आहे. मिशिगन विद्यापीठाच्या क्लेमेंट्स ग्रंथालयाने 2007 साली तिची प्रतिकृती छापली, आणि फॅनी स्ट्युअर्ड हे नाव 141 वर्षांनी पुन्हा वाचकांपुढे आले.